काडी, कळ आणि बिब्बा

दुसऱ्याला छळणाऱ्या, उचकवणाऱ्या, नादी लावणाऱ्या माणसांसाठी मराठीत शब्दांचा तुटवडा कधीच नव्हता. तरी आपण बहुतेक वेळा "काय त्रास आहे या माणसाचा" एवढ्यावरच भागवतो. त्रास हा शब्द गुळमुळीत आहे. तो गुडघ्याचाही होतो आणि चांदणी चौकातल्या ट्रॅफिकचाही होतो. कोणी काय केलं आणि कसं केलं, याचा त्यातून काही पत्ता लागत नाही. आणि करणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

नेमका शब्द शोधायचा असेल तर आधी माणसं मोजावीत. दोघांतच मामला असेल तर चिडवणं, खिजवणं, हिणवणं, डिवचणं. तिसरा माणूस आला की कळ लावणं, कान भरणं, चिथावणं, बिब्बा घालणं सुरू होतं. जमाव असेल तर भडकावणं. दोघांतल्या भांडणाला तिघांतला शब्द लावला, तर नसलेला गुन्हेगार शोधत बसावं लागतं. उलट केलं, तर असलेला सुटतो.

दोघांतलं आधी उरकून घेऊ. चिडवण्यात माया असू शकते. साखरपुडा झालेल्या मुलीला मैत्रिणी चिडवतात, खिजवत नाहीत. खिजवायला समोरच्याचं उणं माहीत असावं लागतं: राहिलेला विषय, मोडलेलं लग्न, हातची गेलेली नोकरी. हिणवायला मनात उतरंड लागते. 'पाणी'ला 'पानी' म्हणणाऱ्या पोराला पुण्यातल्या वर्गात जे हसतात, ते हिणवणं. त्याला गंमत म्हणणारे स्वतः कधी त्या बाकावर बसलेले नसतात. डिवचण्याचा डाव वेगळा. शांत बसलेल्याला इतकं टोचायचं की पहिला हात त्याने उचलावा, आणि मग "बघा, मी काही केलं का?" म्हणून चार माणसांकडे वळायचं. डिवचणाऱ्याला भांडण नको असतं, त्याला साक्षीदार हवे असतात.

खोडकर आणि खोडसाळ यांत तर लोक सर्रास घोळ घालतात. खोडकर पोर बेल वाजवून पळतं. लिफ्टमध्ये अमक्या फ्लॅटबद्दल खोटी चिठ्ठी चिकटवणारा खोडसाळ. पहिल्याचा कान धरावा, दुसऱ्याची तक्रार करावी.

शालजोडीतले देणं हा मात्र पुण्याचा खास प्रांत, त्यामुळे इथे थोडं थांबायला हवं. शालीत गुंडाळून जोडा मारायचा, तर शाल खरी हवी. स्तुती खोटी असली की जोडा आधीच बाहेर दिसतो. "भाषण उत्तम झालं, आणि मुख्य म्हणजे वेळेत संपलं" यात वेळेत संपल्याचं कौतुक अगदी खरं आहे. म्हणून वक्ता आभार मानतो आणि जिना उतरताना त्याच्या लक्षात येतं. जोडा एकच असावा. समोर निदान एक समजदार माणूस असावा. मारल्यावर स्वतः हसू नये. यातलं काही चुकलं की प्रकार लगेच खालच्या पायरीवर येतो. जोडा उघड दिसला तर तो टोमणा. लागोपाठ दोन आले तर खवचटपणा. आणि हेच रोज, एकाच माणसाला, स्वयंपाकघरात होऊ लागलं ("आमच्याकडे पोळ्या मऊ लागतात हो, पण तुझ्या कडक पोळ्यांचीही एक मजा आहे") तर ते कुजकं बोलणं. शेवटच्या पायरीला पुणेरी विनोद म्हणून सवलत मागायची पद्धत आहे. ती देऊ नये.

आता तिघांतलं. खरी कारागिरी इथे आहे.

चहाडीला वरिष्ठ लागतो. जो शिक्षा करू शकतो त्याच्याकडेच चहाडी होते, म्हणून ती शाळेत आणि कचेरीत पिकते. चहाडखोराला त्यातून काहीतरी मिळवायचं असतं, निदान मर्जी तरी. लावालावीत वरिष्ठ नसतो. इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे, दोन्ही बाजूंना चहा. कळलाव्याचं गणित आणखी वेगळं. आपल्या कथा-कीर्तनांतला नारद कळीचा म्हणून प्रसिद्ध, पण तो खोटं बोलत नाही. खरी बातमी, चुकीच्या माणसाला, नेमक्या वेळी. म्हणून कळलाव्याला "तू खोटं सांगितलंस" म्हणून धरता येत नाही, आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये तो छाती काढून बसतो.

कान फुंकणं आणि कान भरणं यांतला फरक मात्रेचा आहे. फुंकणं एका खेपेत होतं. (गंमत म्हणजे गुरूने शिष्याला मंत्र देणं यालाही कान फुंकणंच म्हणतात.) भरायला दिवस लागतात. रोज थोडं, दुसऱ्याच विषयाच्या ओघात, आणि ऐकणाऱ्याला तो आपलाच विचार वाटेपर्यंत. त्यासाठी कान हलका असावा लागतो. हलक्या कानाचा माणूस मूर्ख असतोच असं नाही. त्याला खात्री करून घ्यायला विचारण्याची लाज वाटते, एवढंच. कान भरणाऱ्याचा सगळा धंदा या लाजेवर चालतो. ज्या दिवशी ऐकणारा थेट जाऊन विचारतो, "तुम्ही असं म्हणालात का?", त्या दिवशी दुकान बंद.

काडी कशी पडते ते अगदी जवळून पाहण्यासारखं आहे. प्रसंग पार्किंगचा घ्या. कोथरूड असो की सिंहगड रोड, जागा तीच आणि वाक्यंही तीच. पहिलं वाक्य: "मला काय करायचंय म्हणा, पण तुमच्या जागेवर परत ती पांढरी गाडी लागलीय." यात दोन कामं होतात. सांगणारा अंग काढून घेतो, आणि 'परत' या शब्दाने एका वेळची गोष्ट सवय बनते. दुसरं वाक्य: "त्यांना वाटतं, काका काही बोलत नाहीत." आता गाडीचा प्रश्न राहिला नाही, मानाचा झाला. तिसरं: "तुम्ही आहात म्हणून ऐकून घेता, मी असतो तर..." आणि इथे वाक्य सोडून द्यायचं. पुरं करायचं नाही. रिकामी जागा काका भरतात, आणि खाली जाऊन जे काही करतात ते स्वतःच्या बुद्धीने केलं असं समजतात. "माझं नाव सांगू नका हं" हे चौथं वाक्य नवशिके म्हणतात. मुरलेल्याला त्याची गरज पडत नाही.

काडी पडायला गवत आधी वाळलेलं लागतं. दोन घरांत मुळात सलोखा असेल तर हीच तीन वाक्यं हसण्यावारी जातात. म्हणून काडी टाकणारा आधी चौकश्या करतो: कोणाचं कोणाशी किती दिवस बोलणं नाही, मेंटेनन्स कोणाचा थकलाय. टाकल्यावर तो तिथे थांबत नाही. आगीत तेल ओतणारा वेगळा. तो आग लागल्यावर येतो आणि चांगला तासभर थांबतो.

बिब्बा घालणं हा या सगळ्यात माझ्या मते सर्वांत अचूक वाक्प्रचार. शनिवारी दुकानांच्या दाराला लिंबू-मिरचीबरोबर ओवलेलं काळं, टणक फळ दिसतं, तो बिब्बा. त्याच्या टरफलात जहाल तेल असतं. कातडीला लागलं तरी त्या क्षणी फारसं काही होत नाही. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी खाज सुटते, कातडी लाल होते, फोड येतात. बिब्बा उतला म्हणतात तो हा. याच तेलाने पूर्वी परीट कपड्यांवर खुणा करत, कारण ती खूण धुण्याने जात नाही. म्हणजे उशिरा उठणारा आणि न पुसणारा, दोन्ही गुण एकाच फळात. लग्नाच्या बैठकीत "मुलगी लाखात एक आहे, तिच्या आत्याचं काय झालं ते तुमच्या कानावर असेलच" असं म्हणून पान खाऊन जाणारा पाहुणा हेच करतो. त्या संध्याकाळी सगळे हसतखेळत उठतात. फोन दोन दिवसांनी येतो. आणखी एक गोष्ट: त्याच बिब्ब्याच्या आतली बी म्हणजे गोडंबी, जी आपण डिंकाच्या लाडवात घालतो. बिब्बा घालणारे गृहस्थही एरवी घरच्यासारखे असतात, सगळ्या कार्यांना पहिले हजर.

निरोपात फेरफार करणारा आणखी वेगळा, आणि त्याच्यासाठीचा वाक्प्रचार शनिवारवाड्याने दिलाय. ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी वाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून केला. पेशवे तेव्हा अठरा वर्षांचे होते. 'नारायणरावांस धरावे' या हुकमातल्या 'ध'चा 'मा' आनंदीबाईंनी केला, अशी दंतकथा आहे. दंतकथाच, पण 'ध चा मा करणे' भाषेत पक्कं बसलं. मला यात खटकतं ते हे की रामशास्त्री प्रभुण्यांनी दोषी धरलं ते रघुनाथरावांना, आणि भाषेने मात्र शिक्षा दिली आनंदीबाईंना. ही सवय जुनी आहे. मंथरा, कैकेयी, त्राटिका, कजाग, कैदाशीण: बायकांसाठी नावानिशी शब्द आहेत. पुरुषांच्या वाट्याला फार तर कळीचा नारद आणि शकुनीमामा, बाकी सगळे नुसते 'तापट'. सून जाळली गेली त्या घरातला मुलगासुद्धा शेजाऱ्यांच्या तोंडी 'जरा तापट' असतो.

मोहात पाडणाऱ्यांकडे वळू. गाजर दाखवणं, आमिष दाखवणं आणि लालूच दाखवणं हे वर्तमानपत्रात एकमेकांच्या जागी येतात, पण येऊ नयेत. गाजर कधी हातात येत नाही. ते निवडणुकीला योग्य. आमिष थोडं खायला मिळतं, कारण आत गळ असतो. लालूच म्हटलं की फसलेल्याच्याही पदरात दोष टाकला जातो. 'जादा परताव्याचं आमिष' हा शब्दप्रयोग पोलिसांच्या प्रेसनोटमुळे आपल्याला पाठ झालाय, आणि तिथे तो चपखल आहे. शेअर गुंतवणुकीच्या नावाने होणारी फसवणूक आमिषाच्याच पायऱ्यांनी जाते. आधी व्हॉट्सॲप ग्रुप, त्यात रोज नफ्याचे स्क्रीनशॉट टाकणारे दहा-वीस 'सभासद'. मग छोटी रक्कम गुंतवायला लावून ती नफ्यासकट खरोखर परत देणं. हा खाऊ दिलेला तुकडा, आणि सुशिक्षित माणूस याच पायरीवर पडतो, कारण त्याने पडताळून पाहिलेलं असतं. मग मोठी रक्कम, ॲपवर फुगत जाणारा आकडा, आणि काढायला गेलं की 'आधी कर भरा'. तो कर म्हणजे गळ. पैसे गेल्याचं लक्षात येताच १९३० या क्रमांकावर फोन करायचा. रक्कम पुढच्या खात्यांत पांगायच्या आत गोठवता आली तरच हाती लागते, त्यामुळे "उद्या सीएला विचारतो" म्हणणं महागात पडतं.

हरभऱ्याच्या झाडावर चढवणारा पैसे मागत नाही. हरभऱ्याला झाड नसतंच. फूट-दीड फुटाचं झुडूप, त्यावर चढणारा पडणारच. हे मंडळाच्या कार्यकर्त्यांना विचारावं. "यंदा अध्यक्ष तुम्हीच, तुमच्याशिवाय आहे कोण" असं म्हणून एकाला वर बसवतात. ढोल-ताशा पथकाची सुपारी, मांडववाला, लाइटवाला, सगळ्यांना त्याचा शब्द दिला जातो. वर्गणी कमी पडली हे विसर्जनानंतर कळतं, तेव्हा खाली धरायला कोणी नसतं. भरीस घालणं याच्या जवळचं, पण तिथे अहंकाराऐवजी उत्साह लागतो. लक्ष्मी रोडवर दोन साड्या घ्यायला गेलेली बाई पाच घेऊन येते ती भरीस पडते. फूस लावण्यात मात्र वाईट हेतू गृहीतच आहे. अल्पवयीन मुलाला किंवा मुलीला 'फूस लावून पळवलं' म्हणतात, तेव्हा त्याची संमती कायदा मोजत नाही. आणि 'फूस लावणं' वेगळं, 'फूस असणं' वेगळं. "याला कोणाची तरी फूस आहे" म्हणजे पाठीमागे कोणी तरी उभं आहे, दिसत नाही. आमदार पक्ष सोडतात तेव्हा दोन्ही अर्थ एकदम चालतात.

छळणाऱ्यांची उतरंड वेळेवरून ठरते. वात आणणं तासाभराचं. भंडावून सोडणं दिवसाचं. मागे भुणभुण आठवड्याची. साडेसातीला तर आकडाच ठरलेला: शनी एका राशीत सुमारे अडीच वर्षं असतो, आपली, तिच्या आधीची आणि नंतरची अशा तीन राशी, मिळून साडेसात. ज्योतिषावर विश्वास असो नसो, "हा माणूस माझ्या मागे साडेसातीसारखा लागलाय" म्हणणाऱ्याला निदान एक शेवट दिसत असतो. जाचाला तो दिसत नाही.

तगादा या रांगेत बसवतात, पण तगाद्यामागे हक्काचं देणं असतं. त्याची हद्द वेळेची आहे. कर्जवसुली करणाऱ्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, असं रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये बजावलंय. सात वाजेपर्यंत तो तगादा. रात्री दहा वाजता बायकोच्या मोबाइलवर आला की छळ.

ससेमिरा हा शब्द आता ईडीने अडकवून टाकलाय. त्याची गोष्ट मात्र ऐकण्यासारखी आहे. विक्रमाच्या कथांमधली. शिकारीला गेलेला राजपुत्र एकटा पडतो, वाघ मागे लागतो, म्हणून झाडावर चढतो. वर अस्वल. अस्वल त्याला आसरा देतं. राजपुत्र झोपल्यावर वाघ खालून अस्वलाला म्हणतो, हा माणूस आहे, उद्या तुझाच घात करेल, ढकल त्याला. अस्वल नकार देतं. मग अस्वल झोपतं, आणि वाघ तेच राजपुत्राला सांगतो. राजपुत्र ढकलतो. अस्वल फांदीला धरून वाचतं आणि शाप देतं. तेव्हापासून राजपुत्र वेड्यासारखा 'ससेमिरा, ससेमिरा' एवढंच बरळत फिरतो. या चार अक्षरांनी सुरू होणारे चार श्लोक कोणीतरी त्याला ऐकवतं, एकेका श्लोकाला एकेक अक्षर गळतं, आणि तो बरा होतो. श्लोक बहुतेक विश्वासघाताबद्दलचे. आता बघा, ससेमिरा लागला राजपुत्राच्या मागे. चिथावणाऱ्या वाघाला गोष्टीत कोणी काही विचारत नाही. चिथावणी एकच, शब्दही जवळपास तेच, आणि एकाने ऐकली, एकाने नाही, एवढ्यावर सगळा निवाडा.

कायदा वाघालाही विचारतो. गुन्ह्याला चिथावणी देणाऱ्यासाठी त्याचा शब्द आहे अपप्रेरणा. गुन्हा त्या चिथावणीमुळे घडला असेल, तर सर्वसाधारण नियम असा की करणाऱ्याला जी शिक्षा, तीच चिथावणाऱ्याला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली तरी हे तत्त्व जुन्या दंड संहितेतलंच आहे. पण अपप्रेरणेला हेतू लागतो. "जा, मर" असं रागाच्या भरात तोंडून गेलेलं वाक्य तेवढ्याने आत्महत्येला प्रवृत्त करणं ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या एका निकालात म्हटलंय. काडी टाकणाऱ्या बहुतेकांना हे न शिकता माहीत असतं. म्हणून तर तिसरं वाक्य ते अर्धं सोडतात.

सौम्य शब्दाने सर्वांत जास्त नुकसान होतं ते हॉस्टेलमध्ये. तिथे खोलीच्या बाहेर सगळंच 'मस्ती' असतं, 'ओळख करून घेणं' असतं. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा आहे, आणि त्याच्या व्याख्येत मारहाणीच्या बरोबरीने चिडवणं आणि चेष्टा-मस्करीही बसते. ज्या गोष्टीने विद्यार्थ्याला भीती, शरम किंवा संकोच वाटेल तीही. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची, तथ्य दिसलं तर विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. दोषी ठरल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. "मुलं आहेत, थोडं चालायचंच" म्हणून प्रमुखांनी तक्रार दाबली, तर कायदा त्यांनाही अपप्रेरक समजतो.

घरातल्या छळासाठी पोलीस ठाण्याचा स्वतःचा शब्द आहे: 'जाचहाट'. 'वेळोवेळी शारीरिक व मानसिक जाचहाट केला' हे वाक्य इतक्या फिर्यादींत जसंच्या तसं असतं की वाचणाऱ्याची नजर त्यावरून घसरते. फिर्याद कच्ची पडते ती बहुधा इथेच. 'वेळोवेळी'च्या जागी तारीख हवी, निदान "दिवाळीच्या आदल्या दिवशी, सकाळी" एवढं तरी. जागा हवी. समोर कोण होतं ते हवं. आणि बोललेले शब्द जसेच्या तसे हवेत. आपल्याकडे सभ्यपणा म्हणून 'अर्वाच्य भाषेत बोलले' असं लिहिण्याची रीत आहे. त्यात नेमकं काय म्हटलं ते पुढे कोणालाच सांगता येत नाही, आणि समोरचा वकील तेवढंच विचारतो. शिवी असेल तर शिवीच लिहावी, फुल्या न टाकता. अर्ज लिहून देणाऱ्या काकांना संकोच वाटत असेल, तर तेवढी ओळ त्यांच्याकडून पेन घेऊन स्वतः लिहावी.